आवाज येतात का, एवढंच विचारून भागत नाही

घरात कुणी नसताना आपल्याला कुणीतरी नावाने हाक मारली, असं तुम्हाला कधी वाटलंय? झोप लागता लागता, किंवा बाथरूममध्ये नळ जोरात चालू असताना? बहुतेक लोक "भास झाला" म्हणतात आणि कामाला लागतात.

आता समजा, ती हाक थांबलीच नाही. ती बोलायला लागली. तुम्ही उठलात की "उठला बघ" म्हणते, जेवायला बसलात की "लाज नाही वाटत?" म्हणते. आजूबाजूच्या कुणालाही ते ऐकू येत नाही. तुम्ही हे कुणाला सांगाल? आणि सांगितलं, तर समोरचा पुढे काय विचारेल?

आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत काही लोकांनी "पुढे काय विचारायचं" हेच बदलून टाकलं. त्यात काही डॉक्टर आणि संशोधक होते, पण खरी सुरुवात केली ती स्वतः आवाज ऐकणाऱ्यांनी. या चळवळीला "हिअरिंग व्हॉइसेस मूव्हमेंट" म्हणतात. मला त्यात रस वाटतो तो एका खास कारणासाठी: एका पेशंटच्या साध्या प्रश्नामुळे एका अख्ख्या संशोधन-विषयाचं सॅम्पल चुकलंय, हे लक्षात आलं.

आधी काय चालायचं?

विसाव्या शतकातल्या मानसोपचारात आवाज ऐकू येणं हे एक लक्षण होतं. ताप जसा, तसं. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी स्किझोफ्रेनिया ओळखायला जी महत्त्वाची लक्षणं सांगितली, त्यात आपल्या वागण्यावर टिप्पणी करणारे किंवा आपापसात वाद घालणारे आवाज होते. त्यामुळे डॉक्टरला माहिती हवी असायची ती एवढीच: आवाज येतात की नाही? किती वेळा? गोळ्यांनी कमी झाले का?

आवाज काय म्हणतात, हे विचारायची पद्धत नव्हती. उलट, आवाजांबद्दल बोलत बसलं तर भास आणखी पक्के होतील, म्हणून विषय बदलावा, असंच शिकवलं जायचं. तापाशी कुणी गप्पा मारतं का?

पॅट्सी हागे यांचा प्रश्न

1980 च्या दशकात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात मारियुस रोमे हे सामाजिक मानसोपचाराचे प्राध्यापक होते. त्यांच्याकडे पॅट्सी हागे नावाची एक तरुण स्त्री उपचार घेत होती. तिला येणारे आवाज तिला हुकूम द्यायचे, गोष्टी करायला मनाई करायचे. औषधांनी तिची घबराट कमी झाली होती, आवाज मात्र तसेच होते. ती आत्महत्येबद्दल बोलायला लागली होती.

त्याच सुमाराला तिच्या हाती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ज्युलियन जेन्स यांचं 1976 सालचं एक पुस्तक पडलं. जेन्स यांचा दावा असा, की काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत माणसांना स्वतःचे निर्णय देवांच्या आवाजासारखे ऐकू यायचे आणि तेव्हा ते सर्वसामान्यच होतं. हा सिद्धांत आजही वादग्रस्त आहे. पण पॅट्सीला त्यातून आधार मिळाला, कारण त्यात ती वेडी ठरत नव्हती. मग तिने रोमे यांना साधारण असं विचारलं: ज्या देवाला तुम्ही कधी पाहिलं नाही, ऐकलं नाही, त्याच्यावर तुमचा विश्वास बसतो, मग मला रोज ऐकू येणाऱ्या आवाजांवर का बसत नाही?

रोमे यांच्याकडे उत्तर नव्हतं. आपण काही ते नाकारू शकत नाही, हे त्यांनी मान्य केलं. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. पुढे त्यांनी पॅट्सीची आवाज ऐकणाऱ्या इतर पेशंटशी गाठ घालून दिली. ते एकमेकांशी भरभरून बोलले, पण एक अडचण होती. आवाजांना तोंड कसं द्यायचं, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

टीव्हीवरचं आवाहन

मग 1987 मध्ये रोमे आणि पॅट्सी डच टेलिव्हिजनवरच्या एका कार्यक्रमात गेले. तुम्हाला आवाज ऐकू येत असतील तर आम्हाला कळवा, असं त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं. सुमारे 700 जणांनी संपर्क साधला. त्यातल्या 450 जणांना स्वतःला आवाज ऐकू येत होते. 300 जण म्हणाले की आम्हाला ते सहन होत नाहीत. आणि 150 जण म्हणाले: येतात, पण आमचं बरं चाललंय.

हे 150 लोक आधी कुठे होते? ते घरी होते, कामावर होते. डॉक्टरकडे जायची वेळच न आल्यामुळे त्यांची कुठे नोंद होण्याचा प्रश्न नव्हता.

सॅम्पलची भानगड आहे ती इथे. समजा, एखादा गॅरेजवाला आयुष्यभर एकाच मॉडेलच्या बंद पडलेल्या गाड्या बघतोय. त्याचं मत होईल की हे मॉडेल बंदच पडतं. तो खोटं बोलत नाही, पण रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या त्याच्याकडे येतच नाहीत. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी 1984 च्या एका लेखात याला "क्लिनिशियन्स इल्युजन", म्हणजे डॉक्टरला होणारा भ्रम, असं नाव दिलं. दवाखान्यात जास्त त्रासलेले आणि जास्त काळ आजारी असलेले लोकच जास्त दिसतात, त्यामुळे आजाराचं चित्र प्रत्यक्षापेक्षा भीषण वाटतं. इतकी वर्षं आवाजांबद्दलचं जवळजवळ सगळं ज्ञान अशाच सॅम्पलवर उभं होतं.

त्याच वर्षी उट्रेख्टला आवाज ऐकणाऱ्यांची परिषद भरली. तिथे शिकवणारे होते ते या 150 जणांसारखे, आवाजांबरोबर जगणारे लोक. पत्रकारितेतून आलेल्या सॅन्ड्रा एशर यांनी रोमे यांच्याबरोबर या लोकांच्या अनुभवांवर काम केलं आणि 1989 मध्ये "स्किझोफ्रेनिया बुलेटिन" या जर्नलमध्ये त्यांचा लेख आला.

ज्यांचं बरं चाललं होतं, ते वेगळं काय करत होते? आवाज त्यांनाही येतच होते. पण आपण आवाजांपेक्षा खंबीर आहोत असं त्यांना वाटायचं. आवाजांना ते मर्यादा घालायचे, निवडून ऐकायचे. आणि आवाजांबद्दल ज्याच्याशी बोलता येईल असं कुणीतरी त्यांच्या आयुष्यात होतं. रोमे-एशर यांनी तीन टप्पे मांडले: पहिला हादरण्याचा, दुसरा आवाजांना हाताळायच्या वाटा शोधण्याचा, तिसरा स्थिरावण्याचा. अनेकांचे आवाज एखाद्या मोठ्या धक्क्यानंतर सुरू झाले होते, हेही पुढे आलं.

हे किती जणांना होतं?

तुम्हाला वाटेल, टीव्हीवर आवाहन केलं की हौशे-नवशेही फोन करणारच. शंका रास्त आहे. म्हणून दुसरे आकडे बघू.

1894 मध्ये लंडनच्या एका संस्थेने 17,000 लोकांना विचारून "भासांची जनगणना" प्रसिद्ध केली होती. जवळपास दहातल्या एकाने आयुष्यात कधीतरी, जागेपणी, कसला ना कसला भास झाल्याचं सांगितलं. त्यात दिसणं, स्पर्श होणं हेही धरलं होतं. 2018 च्या एका मेटा-अॅनालिसिसमध्ये (म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशोब) फक्त आवाजांचं आयुष्यभराचं प्रमाण सरासरी 9.6 टक्के निघालं. यातल्या अनेकांना ते क्वचितच येतात आणि त्रासही होत नाही.

आणखी एक अभ्यास माझ्या फार लक्षात राहिलाय. डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरांनी 1971 मध्ये आपल्या भागातल्या 293 विधवा आणि विधुरांशी बोलून लेख लिहिला. जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्यासारखं जाणवलं होतं आणि सुमारे 13 टक्के लोकांना त्याचा आवाज ऐकू आला होता. अनेकांनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

हे "मनाचे खेळ" आहेत का?

"लक्ष देऊ नकोस, तुझ्या मनाचे खेळ आहेत," हे आपण सहज बोलतो. पण आवाज येत असताना मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर बोलण्याशी आणि ऐकण्याशी संबंधित भाग सक्रिय झालेले दिसतात. म्हणजे बाहेर ध्वनी नसला तरी अनुभव ऐकण्याचाच असतो.

यामागचं एक स्पष्टीकरण असं. आपण सगळे मनातल्या मनात सतत बोलत असतो. "हे माझंच बोलणं आहे" अशी आगाऊ सूचना मेंदू ऐकण्याच्या भागाला देतो. (आपल्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, त्यामागेही असंच तत्त्व आहे.) ही सूचना पोचली नाही, तर आपलंच आतलं बोलणं परक्याचं वाटू शकतं. हे सगळ्या प्रकारच्या आवाजांना लागू होतं का, यावर वाद आहेत. आणि ते मान्य केलं तरी एक प्रश्न उरतो: तो आवाज नेमका तेच वाक्य, त्याच सुरात का म्हणतो? त्याचं उत्तर स्कॅनरमध्ये दिसत नाही. ते त्या माणसालाच विचारावं लागतं.

मँचेस्टरचे गट आणि रॉन कोलमन

डच कल्पना इंग्लंडला आणली पॉल बेकर यांनी. 1988 मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथे एका परिषदेत त्यांनी रोमे आणि एशर यांना ऐकलं आणि मँचेस्टरला परतून काम सुरू केलं. (त्रिएस्ते हे तेच शहर, जिथे फ्रांको बझालिया यांनी मनोरुग्णालय बंद करण्याची चळवळ चालवली आणि 1978 मध्ये इटलीत तसा कायदा झाला.)

1991 मध्ये त्या गटात रॉन कोलमन आले. ते स्कॉटलंडचे. स्किझोफ्रेनियाचं निदान झालेलं, दहाएक वर्षं मनोरुग्णालयांच्या आत-बाहेर काढलेली. गटात एका बाईने त्यांना विचारलं, तुला आवाज येतात का? ते हो म्हणाले. त्यावर ती म्हणाली, ते खरे असतात, बरं का. एवढंच. कोलमन सांगतात की तिथून त्यांना दिशा सापडली. त्यांच्या आवाजांपैकी एक, लहानपणी त्यांचं लैंगिक शोषण करणाऱ्या धर्मगुरूचा होता आणि तो सगळा दोष त्यांच्यावरच टाकायचा. दोषी आपण नव्हतो, हे उमगायला त्यांना वेळ लागला. पण ते उमगल्यावर त्या आवाजाचा धाक कमी होत गेला. पुढे ते स्वतः प्रशिक्षक झाले आणि देशोदेशी हे काम घेऊन गेले.

या गटांमध्ये नेमकं काय चालतं? कुणी तज्ज्ञ समोर बसून शिकवत नाही. आवाज म्हणजे आजार, जुनी जखम, आत्मा की देव, ज्याला जे वाटतं ते सांगायची मुभा असते, पण दुसऱ्यावर लादायचं नाही. आवाज गेलेच पाहिजेत अशी अट नाही. आणि भरपूर व्यवहारी सल्ले मिळतात. उदाहरणार्थ, रस्त्यात आवाजाला उत्तर द्यावंसं वाटलं तर मोबाइल कानाला लावा, कुणी वळून बघत नाही. आवाजांना वेळ ठरवून द्या: "आत्ता कामात आहे, संध्याकाळी 7 ला अर्धा तास बोलू." गुणगुणा, मोठ्याने वाचा. हे कुठल्याही डॉक्टरला सुचलं नसतं असं नाही, पण "मी हे करून बघितलंय" असं डॉक्टर म्हणू शकत नाही. अनुभवी सोबतीचं, म्हणजे पीअर सपोर्टचं, मोल त्यात आहे.

पेशंट संशोधक होतात तेव्हा

जॅकी डिलन यांनी लहानपणी भयंकर अत्याचार सोसले आणि त्यांना तेव्हापासून आवाज ऐकू येतात. त्या अनेक वर्षं इंग्लंडच्या हिअरिंग व्हॉइसेस नेटवर्कच्या अध्यक्ष होत्या. रोमे आणि एशर यांच्यासह त्यांनी संपादित केलेलं, 50 जणांच्या कहाण्यांचं पुस्तक 2009 मध्ये आलं.

एलिनॉर लाँगडन यांचं 2013 मधलं टेड व्याख्यान तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. विद्यापीठात शिकताना त्यांना एक आवाज येऊ लागला. तो फक्त धावतं वर्णन करायचा: ती खोलीबाहेर चालली आहे, ती दार उघडते आहे. तो त्रासदायक नव्हता. त्यांनी मैत्रिणीला सांगितलं, मैत्रीण घाबरली, मग डॉक्टर, मग हॉस्पिटल, मग स्किझोफ्रेनियाचं निदान. सगळे आवाजाला घाबरतात म्हणून त्याही घाबरायला लागल्या, आणि आवाज वाढत गेले, क्रूर होत गेले. आवाज सर्वांत जास्त चिडतात ते आपण स्वतःच्या भावना दाबतो तेव्हा, हे पुढे त्यांनी हळूहळू ओळखलं. त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि आज त्या याच विषयावर संशोधन करतात. "तुझं काय बिघडलंय" याऐवजी "तुझ्या बाबतीत काय घडलं" हे विचारा, असा त्यांचा आग्रह असतो.

पुरावा काय सांगतो?

इथे जरा सावकाश जाऊया. गोष्टी हृदयस्पर्शी आहेत म्हणून त्या सगळ्यांना लागू होतात, असं नाही.

लाँगडन, जॉन रीड आणि डिलन यांनी 2018 मध्ये गटांतल्या 101 सदस्यांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. गटाचा फायदा झाला, असं बहुसंख्यांनी सांगितलं. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि ज्यांना गट पटला नाही ते सोडून गेलेले असणार, त्यांचं मत त्यात येणार कुठून? म्हणजे दवाखान्यात डॉक्टरला जो भ्रम होतो, त्याचीच उलटी आवृत्ती इथे होऊ शकते. सॅम्पलचा नियम सगळ्यांना सारखा.

जुन्या जखमांबद्दलचा पुरावा अधिक भक्कम आहे. 2012 च्या एका मोठ्या मेटा-अॅनालिसिसनुसार, बालपणी अत्याचार, छळ, दुर्लक्ष यांसारखे आघात झालेल्यांमध्ये सायकोसिसची शक्यता सुमारे 2.8 पट आढळली. पण याचा अर्थ प्रत्येक आवाजामागे आघात असतोच, असा होत नाही. तसं धरून चाललो, तर उगाच आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू.

आवाजाशी संवाद साधण्याची कल्पनाही आता प्रयोगात उतरली आहे. "अवतार थेरपी"मध्ये पेशंट कॉम्प्युटरवर आपल्या आवाजाला चेहरा देतो आणि थेरपिस्टच्या मदतीने त्याला उत्तर द्यायला शिकतो. लंडनमध्ये 150 जणांवर झालेल्या चाचणीत, 12 आठवड्यांनी साध्या समुपदेशनापेक्षा यात आवाजांचा त्रास जास्त कमी झाला. 24 आठवड्यांनी मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही.

आणि औषधं? अनेकांना त्यांचा खरोखर उपयोग होतो. गटांत जाणारे कितीतरी लोक गोळ्याही घेतात. डॉक्टरला न विचारता अचानक गोळ्या बंद करणं धोकादायक आहे. या लेखातून तसा अर्थ कृपया कुणी काढू नका.

आपल्याकडे

मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन माटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथे प्रत्येकी 20 जणांच्या मुलाखती घेतल्या. तिघीकडच्या लोकांना सायकोसिसचं निदान झालेलं होतं. अमेरिकेतल्या अनेकांनी हिंसक, अनोळखी आवाजांबद्दल सांगितलं. चेन्नईत निम्म्याहून जास्त लोकांना नातेवाइकांचे आवाज यायचे: रागावणारे, पण घरकामाची आठवणही करून देणारे. 60 जणांवरून सगळ्या देशांबद्दल बोलता येणार नाही, पण आवाज आपल्या आसपासच्या जगाची भाषा बोलतात, एवढं यातून दिसतं.

पुण्याचा तर या विषयाशी थेट संबंध आहे. भार्गवी दावर यांनी 1999 मध्ये इथे "बापू ट्रस्ट" सुरू केला. बापू हे त्यांच्या आईचं नाव. आईला मनोरुग्णालयात काढावे लागलेले दिवस त्यांनी लहानपणी पाहिले होते. संस्थेने पुण्यातल्या वस्त्यांमध्ये काम केलं. दावर 2024 मध्ये गेल्या. पुण्याच्याच रेश्मा वल्लियप्पन यांनी स्किझोफ्रेनियासह जगण्याबद्दल मोकळेपणाने लिहिलंय, आणि त्यांच्यावरच्या "अ ड्रॉप ऑफ सनशाइन" या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी, घरातला आजार जवळून पाहिल्यावर, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. इथल्या स्वमदत गटांत आजार असलेल्याला "शुभार्थी" आणि सांभाळणाऱ्याला "शुभंकर" म्हणतात. "पेशंट" म्हणण्यापेक्षा "शुभार्थी" म्हटलं की समोरच्याला काहीतरी हवंय, त्याची काही इच्छा आहे, हे शब्दातच येतं.

घरी कुणी सांगितलं तर

उद्या तुमच्या भावाने, मैत्रिणीने, आजीने सांगितलं की मला आवाज येतात, तर घाबरून "असं काही नसतं" म्हणू नका. "मलाही ऐकू येतोय" असं खोटंही बोलायची गरज नाही. "मला ऐकू येत नाही, पण तुला येतोय हे मला मान्य आहे" हे पुरेसं आहे. मग विचारा: कधीपासून? किती आवाज? ओळखीचा वाटतो का? काय म्हणतो? तो आला की तुला काय वाटतं? काय केलं की बरं वाटतं? आणि उत्तर पूर्ण होऊ द्या.

आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, झोप-जेवण सुटलं असेल, तर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 या नंबरवर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आणि डॉक्टरांकडे गेलात की वरच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनाही सांगा. "आवाज येतात: हो" याच्यापुढे फाइलमध्ये आणखी चार ओळी लिहिल्या जायला हव्यात.